दोष जिभेचा कीं कानाचा ?

बोलणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही कामाची वांटणी आपल्याकडे फार जुनी आहे. व्यासांनीं महाभारत सांगितलें आणि गणपतीनें तें लिहून घेतलें, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. सांगणाऱ्यानें मध्येंच थांबावयाचें नाहीं ही गणपतीची अट, आणि अर्थ समजल्यावांचून लिहावयाचें नाहीं ही व्यासांची अट. आतां हें लेखनिकाचें काम संगणकानें पत्करलें आहे. गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयींत २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मराठीचा समावेश झाला, आणि तेव्हांपासून हा नवा लेखनिक आपल्याही घरांत शिरला. त्यानें गणपतीची अट तेवढी ठेविली आहे. बोलणारा फार वेळ थांबला कीं तो कान मिटून बसतो. व्यासांची अट मात्र त्यानें मानिलेली नाहीं. अर्थ कळो वा न कळो, कांहीं ना कांहीं लिहून तो मोकळा होतो.

असें भलतेंच कांहीं उमटलें म्हणजे घरांत काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. बोलणारा तरुण असेल तर म्हणतात, ‘यंत्र बिघडलें.’ बोलणारी व्यक्ति वयोवृद्ध असेल तर हलक्या आवाजांत म्हणतात, ‘आजोबांचे उच्चार आतां स्पष्ट राहिले नाहींत.’ दोन्ही निर्णय घाईचे होत. पण पहिल्यानें फक्त यंत्राची अब्रू जाते, दुसऱ्यानें माणसाचें मन खचतें. ज्यांच्या हाताला कंप सुटला आहे, ज्यांची दृष्टि मंदावली आहे, त्यांनाच या सोयीची खरी गरज. आणि दोन-चार वेळां फजिती झाली कीं तेच प्रथम गप्प बसतात. घरांतील वडील माणूस गप्प बसलें म्हणजे कुळाचाराची माहिती, गांवच्या घराच्या हकीकती, सोयरिकींचे धागे, हें सारें त्यांच्याबरोबर गप्प होतें. म्हणून जिभेस दोष देण्यापूर्वीं कानाची परीक्षा करावी, एवढें सांगण्यासाठीं या वेळचा हा लेख आहे.

आम्हांस ही रीत शाळेनें शिकविली. वर्गांत श्रुतलेखन घातलें आणि शेवटच्या बांकावरील एखाद्या मुलाची वही चुकांनीं भरून आली, तर शिक्षकानें पहिला प्रश्न स्वतःस विचारावयाचा, तो असा, कीं आपला आवाज तेथपर्यंत पोंचला होता काय ? दुसरा प्रश्न, खिडकीबाहेर वाजंत्री तर चाललें नव्हतें ना ? हे दोन प्रश्न निकालांत निघाल्यावरच त्या मुलाच्या व्याकरणाची विचारपूस करावयाची. संगणकाच्या बाबतींतही क्रम हाच ठेवावा.

यंत्राचें ऐकणें कसें चालतें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. माइकांत एक अत्यंत पातळ पडदा असतो. बोलण्यानें हवा हलते, हवेनें पडदा हलतो, आणि त्या हालचालीची विजेची लहर बनते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेर्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट या दोघांनीं १९६२ सालीं ‘इलेक्ट्रेट’ जातीचा माइक सिद्ध केला, आणि स्वस्त, लहान, टिकाऊ असे माइक घरोघर पोंचले ते त्यामुळें. या लहरीची उंची संगणक एका सेकंदांत हजारों वेळां मोजतो; बोलणें ओळखण्याच्या कामीं हें मोजमाप बहुधा सेकंदास १६,००० वेळां होतें. अशा रीतीनें आवाजाची अंकांची एक लांबलचक माळ तयार होते. त्या माळेवरून कोणते वर्ण असावेत, आणि त्या वर्णांवरून कोणते शब्द संभवतात, याचा अंदाज यंत्र बांधतें. तात्पर्य, माइकानें जें पोंचविलें नाहीं तें पुढच्या कोणत्याही बुद्धीस परत आणतां येत नाहीं. तेथें ती केवळ तर्क लढविते.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २००६ च्या जुलै महिन्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या माणसांनीं त्या वेळच्या नव्या ‘विंडोज व्हिस्टा’ची बोलून लिहिण्याची करामत लोकांसमोर करून दाखविली. आईस पत्र लिहावयाचें म्हणून इंग्रजींत संबोधन उच्चारलें, तों यंत्रानें आईच्या जागीं मावशी लिहिली, आणि तें पुसूं गेल्यावर आणखी असंबद्ध शब्द ओळीनें उमटत गेले. सभा हंसली. पुढें कंपनीकडून खुलासा झाला तो असा, कीं माइकाचा आवाज चढविणाऱ्या व्यवस्थेंत दोष होता, त्यामुळें यंत्राकडे फाटका आवाज जात होता. बोलणारा गृहस्थ इंग्रजी भाषेंतलाच, उच्चार स्वच्छ, आणि यंत्र त्याच कंपनीचें. तरीही कान बिघडला आणि सारेंच बिघडलें.

आतां आपल्या घरांतलें उदाहरण सांगतों. आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नी, वय पंच्याहत्तरीच्या पुढचें, संधिवातानें बोटें वांकडीं झालेलीं. घरांतील सणावारांचे नैवेद्य आणि त्यांचीं प्रमाणें नातसुनांसाठीं लिहून ठेवावीं असें त्यांच्या मनांत होतें. नातवानें लॅपटॉप समोर ठेवला, कानांना हेडफोन लावून दिला आणि म्हणाला, ‘आजी, बोल.’ त्या पुरणाबद्दल बोलल्या आणि पडद्यावर ‘पुराण’ उमटलें. कटाची आमटी सांगितली ती ‘घटाची’ झाली. मुलें हंसलीं, त्याही हंसल्या, आणि नंतर त्यांनीं तें काम सोडून दिलें. आम्हीं चौकशी केली तेव्हां म्हणाल्या, ‘भावोजी, माझे पुढचे दांत गेले. आतां यंत्राला काय म्हणून नांव ठेवायचें ?’

आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, कीं वहिनी बोलतात तें लिहूं नको, नुसतें ध्वनिमुद्रित कर आणि आम्हांस ऐकव. ऐकतों तों पंख्याची घरघर मोठी आणि वहिनींचा आवाज दूर विहिरींतून आल्यासारखा ! हेडफोनची दांडी त्यांच्या ओठांपाशीं होती खरी, पण संगणक तिच्याकडे लक्ष देतच नव्हता. तो आपल्याच अंगांतल्या माइकानें, टेबलावरच्या पंख्याशेजारीं बसून ऐकत होता. हेडफोनचा माइक निवडून दिला, आणि पुरण तें पुरणच राहिलें. दांतांचा येथें कांहीं संबंध नव्हता.

तेव्हां पहिला नियम हा, कीं यंत्रानें काय लिहिलें तें पाहण्याआधीं यंत्रानें काय ऐकलें तें आपण ऐकावें. विंडोजमध्यें ‘साउंड रेकॉर्डर’ नांवाची सोय असते, दुसऱ्या यंत्रांत तशीच कांहीं तरी असते. चार वाक्यें नेहमीच्या आवाजांत बोलावीं व परत ऐकावीं. जें कानीं पडेल त्यावरून पुढची दिशा कळते.

कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर वाट बंद आहे. प्रथम माइकाचें चित्र असलेली मुकी कळ दाबली गेली आहे काय तें पाहावें. कित्येक लॅपटॉपांवर ती वरच्या ओळींत असते, आणि हेडफोनच्या वायरीवरही अशीच एक लहान कळ असते. नंतर परवानगी तपासावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें ‘प्रायव्हसी’ या सदरांत माइक वापरण्याची मुभा देण्याचीं बटणें आहेत. शिवाय ब्राउझर आपली स्वतंत्र परवानगी मागतो, ती पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोंकाच्या खुणेवर क्लिक केल्यास दिसते. घरांतील कोणी तरी एकदां घाईनें ‘नको’ म्हटलें असेल, तर यंत्र तें मनांत ठेवतें. तिसरी गोष्ट पिनेची. जुन्या टेबलावरच्या संगणकास ऐकण्याचें भोंक हिरवें आणि बोलण्याचें गुलाबी, अशीं दोन असतात. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळीं वलयें असतात, म्हणजे तिचे चार भाग असून त्यांतील एक माइकाचा असतो. अशी पिन हिरव्या भोंकांत घातली तर गाणें ऐकूं येतें, पण आपलें बोलणें आंत जात नाहीं.

आवाज आला पण दुरून आला, तर एक तर माइक भलताच निवडला गेला आहे, नाहीं तर अंतर फार आहे. कोणता माइक चालू आहे हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. सेटिंग्जमध्यें ‘साउंड’ आणि त्यांत ‘इनपुट’ उघडावें, आणि माइकावर नखानें हळूच खरवडावें. चालू असलेल्या माइकाची पट्टी लगेच उसळते. अंतराचें गणित असें, कीं तोंडापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं माइकावर पोंचणाऱ्या लहरीची उंची निम्मी होते. चार बोटांवरचा माइक दोन फुटांवर नेला तर ती सुमारें आठव्या हिश्श्यावर येते. पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून ओरडण्यापेक्षां माइक जवळ घेणें हें केव्हांही चांगलें. वृद्धांस ओरडावयास लावूं नये. ओरडण्यानें स्वर बदलतो, धाप लागते, आणि यंत्राचा घोटाळा वाढतो.

मात्र जवळ घेतांना माइक ओठांच्या अगदीं समोर धरूं नये, ओठांच्या कोपऱ्याशीं, किंचित् बाजूस ठेवावा. ज्यांनीं लहानपणीं वर्णोच्चार शिकतांना तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद अनुभविला असेल, त्यांस याचें कारण सांगावयास नको. ख, फ, भ यांसारख्या महाप्राण वर्णांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो, आणि तो थेट पडद्यावर आदळला म्हणजे धप्पकन् आवाज होऊन शेजारचा वर्णही बुडतो. आपल्या शिक्षाशास्त्रानें प्राणाचा जो विचार केला, तो या टीचभर यंत्रापुढें असा उपयोगी पडतो, ही गंमतच म्हणावयाची.

आवाज फाटका, करकरीत आला तर आवाज चढविण्याची मात्रा जास्त झाली आहे. कांहीं संगणकांत ‘बूस्ट’ म्हणून एक जोड असते. ती २० डेसिबल ठेविली म्हणजे लहरीची उंची दसपट होते. मग लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेलें परत मिळत नाहीं. ती मात्रा उतरवावी. सारखी एकसुरी गुणगुण ऐकूं आली तर तो विजेचा ५० आवर्तनांचा सूर असण्याचा संभव आहे. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. गुणगुण गेली तर दोष चार्जरचा किंवा भिंतींतल्या अर्थिंगचा. शब्द एकमेकांत मिसळून घुमले तर दोष खोलीचा. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेंकतात. पडदे, गादी, कपड्यांचें कपाट असलेल्या खोलींत बसावें. शब्दांचीं टोंकें तुटत असतील, तर गोंगाट गाळण्याची जी आपोआप व्यवस्था असते ती थोडा वेळ बंद करून पाहावी. मंद बोलणाऱ्याचा शेवटला वर्ण ती कधीं कधीं गोंगाट समजून गाळते. आणि चालू झाल्याची खूण दिसल्यावर एक श्वास घेऊन मग बोलावें.

बिनतारी ब्लूटूथ हेडफोनविषयीं दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत, कारण त्यांचा दोष लपलेला असतो. गाणें ऐकतांना ते उत्तम वाजतात. पण त्यांचा माइक चालू झाला कीं बहुतेक ते दूरध्वनीच्या रीतीवर उतरतात. जुनी दूरध्वनीची रीत ३०० पासून ३,४०० आवर्तनांपर्यंतचाच आवाज वाहून नेते. स्वरांस तेवढें पुरतें. परंतु ‘स’ या वर्णाचा मुख्य जोर त्याहून वरच्या भागांत, ४,००० आवर्तनांच्या पलीकडे असतो. तो भागच कापला गेला म्हणजे ‘सार’ आणि ‘फार’ यांत यंत्रास फरक कळावा कसा ? नवे हेडफोन याच्या दुप्पट रुंदीचा आवाज पाठवितात, पण संगणक तसेंच घेईल असा भरंवसा नसतो. ऊष्म वर्णच तेवढे चुकत असतील, तर वायरीचा साधा माइक लावून पाहावा.

आतां समजा, ध्वनिमुद्रण स्वच्छ आलें. घरांतील दुसऱ्या माणसास प्रत्येक शब्द कळला. तरीही लिहिलें चुकीचेंच. मग कान निर्दोष ठरला, आणि भाषेची निवड पाहावी. इंग्रजी निवडलेली असेल तर रोमन अक्षरें पाहून चूक लगेच लक्षांत येते. हिंदी निवडलेली असेल तर मात्र फसगत होते, कारण लिपि देवनागरीच असते आणि सर्व कांहीं ठीक आहे असा भास होतो. ‘पाणी’ बोललें असतां ‘पानी’, ‘आहे’ बोललें असतां ‘है’ असें होऊं लागलें, ण आणि ळ हे वर्ण पडद्यावरून नाहींसे झाले, कीं समजावें, समोर बसलेला लेखनिक मराठी नाहीं. त्यास मराठी सांगून द्यावी. इंटरनेटही तपासावें, यांतील पुष्कळ सोयी आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवितात, आणि वाट खंडित झाली तर वाक्यांचे तुकडे हरवतात.

बोलण्याच्या रीतीबद्दल एकच सूचना करतों. मुलास लिहून घ्यावयास सांगतों तसें एक एक शब्द तोडून बोलूं नये. १९५२ साली बेल प्रयोगशाळेनें केलेलें ‘ऑड्री’ यंत्र फक्त शून्यापासून नवापर्यंतचे अंक ओळखी, आणि तेही थांबून थांबून उच्चारले तर. आजचें यंत्र शेजारच्या शब्दांवरून मधला शब्द ताडतें. ‘दिन’ कीं ‘दीन’, ‘सुत’ कीं ‘सूत’, हें त्यास कानानें कळत नाहीं, वाक्यानें कळतें; तेव्हां वाक्य पुरें आणि नेहमीच्या ओघांत बोलावें. आडनांवें, गांवांचीं नांवें, स्तोत्रांतील संस्कृत पदें चुकतील, तीं मागाहून सुधारावीं. विरामचिन्हें मराठींत बोलून उमटतीलच असें नाहीं. तींही हातानें घालावीं.

हें सर्व करूनही कांहीं आवाज यंत्रास नीट कळत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. अमेरिकेंत २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पांच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या शंभर शब्दांमागें सरासरी सुमारें १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बाबतींत सुमारें ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच. यंत्रास ज्यांच्या बोलण्याची संवय अधिक, त्यांचें तें अधिक नीट ऐकतें, असा याचा अर्थ अभ्यासकांनीं लाविला. मग मालवणी वळणाचें, वऱ्हाडी वळणाचें, किंवा दांत गेलेल्या तोंडाचें मराठी त्यास अपरिचित वाटलें, तर तो त्याच्या शिक्षणाचा अपुरेपणा होय. बोलणाऱ्याचा अपराध नव्हे. मोझिला संस्थेनें २०१७ सालीं आरंभिलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या आवाजांच्या संग्रहांत मराठीही आहे, आणि तेथें कोणासही वाक्यें वाचून देतां येतात. ज्या घरांत वडीलधाऱ्यांस हौस असेल, तेथें त्यांनीं अवश्य द्यावींत. यंत्रास शिकविणाऱ्यांत सत्तरीचे आवाज आले, तर सत्तरीचें बोलणें त्यास कळूं लागेल.

तोंपर्यंत घरांतील तरुणांस आमची विनंती आहे. आजीसमोर किंवा आजोबांसमोर यंत्र ठेवण्याआधीं माइक कोणता, भाषा कोणती, पंखा कोठें, हें तुम्ही पाहून ठेवा, आणि एकदां ध्वनिमुद्रण परत ऐका. उमटलेल्या चुकीवर हंसावयाचें असेल तर यंत्रास हंसा. आणि सर्व उपाय हरले, तर तें ध्वनिमुद्रण पुसून टाकूं नका. वही घ्या, शेजारीं बसा, आणि स्वतः लिहून घ्या. न कळलेला शब्द त्यांस पुन्हां विचारतां येतो, तें यंत्र विचारीत नाहीं.